इतर हक्क पाहिलेत का?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या घरात जाऊन नुसतं 'उतारा' एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. आजी दचकून तिठ्याकडे बघेल, कारण तिच्या लेखी उतारा म्हणजे लिंबू, नारळ, गुलाल टाकलेला भात आणि चुकूनही ओलांडायची नाही अशी वस्तू. बाप खुंटीवरच्या पिशवीकडे बघेल, कारण त्याचा उतारा म्हणजे सातबारा, आणि तो कोणी मागितला म्हणजे बांधावर काहीतरी शिजतंय. पाचवीतलं पोर दप्तराकडे बघेल, कारण त्याचा उतारा म्हणजे 'खालील उतारा वाचा व त्याखालील प्रश्नांची उत्तरे द्या'. तिघांच्या चेहऱ्यावरची धास्ती मात्र एकाच जातीची असते. (विंचवावरचा चौथा उताराही या भागात मिळतो, पण तो परीक्षेला नाही.) आता या तिघांत उतारा वाचायचा कसा हे ज्याला खरोखर कळतं तो बाप. ज्याला ते शिकवायला क्लास लावला जातो ते पोर. आणि पोराला क्लासात जी पद्धत शिकवतात ती आजीच्या उताऱ्याची. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते सिद्ध करायला थोडी जागा लागेल.

आधी पोराच्या उताऱ्याचं वजन बघू. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात. त्यातले २० भाषेचे, आणि भाषेचे म्हणजे चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, बाकी काही नाही. १०० पैकी २५ गुण, वेळ अर्धा तास. एका उताऱ्याच्या वाट्याला साडेसात मिनिटं. शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. ती चौथी-सातवीची होती, २०१७ साली पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. इयत्ता मुंबईकडे बदली मागणाऱ्या गुरुजींसारखी इकडून तिकडे फिरली, पण पहिल्या पेपरातल्या मराठीच्या २५ प्रश्नांत उतारा आपल्या जागेवर बसून आहे. थोरपणी राज्यसेवेला बसलं तर तिथे २०१३ पासून सी-सॅट आहे: दोन तास, ८० प्रश्न, त्यातही उताऱ्यांचाच सुळसुळाट, आणि चुकलं की गुण कापतात. म्हणजे मुरबाडच्या अभ्यासिकेतला सव्वीस वर्षांचा काका आणि गावात शिष्यवृत्तीचं पुस्तक घेऊन बसलेला त्याचा दहा वर्षांचा पुतण्या, दोघांचं दुखणं एकच आहे. फक्त काकाच्या टेबलावर चहाचा ग्लास जास्त.

या दुखण्यावर सगळीकडे एकच औषध सांगतात: 'महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करा.' सांगणारा हे सांगतो आणि फळ्याकडे वळतो. महत्त्वाची कोणती, हे मुलाने ठरवायचं. आता आपल्याकडचं मूल मुळात नम्र. छापलेल्या ओळीला 'तू बिनमहत्त्वाची' असं तोंडावर कसं म्हणायचं? पहिली ओळ अधोरेखित होते, कारण ती पहिली. दुसरीत गांधीजींचं नाव असतं, तिला वगळणं बरं दिसत नाही. तिसरीत साल असतं. चौथी लांब असते, म्हणजे तिच्यात काहीतरी असणारच. अशा रीतीने अख्खा उतारा एका रेघेवर उभा राहतो आणि पंगतीत सगळ्यांना सारखं वाढल्याचं समाधान मिळतं. मग हायलायटर येतो. पिवळा म्हणजे महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे फार महत्त्वाचं, हिरवा म्हणजे ताईच्या पेटीत होता म्हणून. हे सगळं झाल्यावर तो उतारा लांबून बघावा. हळद, कुंकू, गुलाल, सगळं यथासांग वाहिलेलं असतं, आणि पुढची पाच मिनिटं मूल त्याच्या कडेकडेनं चालत असतं. ओलांडायची हिंमत होत नाही. हाच तो आजीचा उतारा.

यापेक्षा अभ्यासू मुलांचा रोग वेगळा. त्यांना शाळेत सारांशलेखन शिकवलेलं असतं: दिलेल्या उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा. ती सवय हाताला इतकी चिकटते की मूल उताऱ्याच्या बाजूला, समासात, बारीक अक्षरात दुसरा उतारा लिहून काढतं. मग प्रश्नाकडे वळल्यावर त्याच्यापुढे वाचायला दोन उतारे असतात, आणि त्यातला एक वाईट अक्षरात असतो. इथे टिपण या शब्दाचाच घोळ झाला आहे. वर्गात काढलेलं टिपण मार्चमध्ये उपयोगी पडावं म्हणून असतं. ते सविस्तर, नीटस, मार्जिन आखलेलं असलं तर शोभतं. परीक्षेतल्या उताऱ्यावरच्या टिपणाचं आयुष्य साडेसात मिनिटांचं. गरम वडापावसुद्धा याहून जास्त टिकतो. इतक्या अल्पायुषी वस्तूला कोणी बारसं करून नाव ठेवत नाही.

आता बापाकडे या. सातबारा म्हणजे खरं तर दोन नमुने एका कागदावर: गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. कागद एक पान, दोन पान; पण त्यावर क्षेत्र, पोटखराबा, आकार, खाते क्रमांक, भोगवटादार, फेरफार क्रमांक, इतर हक्क, मग खाली भात, नागली, वरई, गवत, पड, असा मजकूर दाटून बसलेला. कोणत्याही प्रश्नपत्रिकेतला उतारा याच्यापुढे बालगीत आहे. पण किन्हवलीच्या किंवा टोकावड्याच्या बाजूचा, शाळा सहावीत सोडलेला शेतकरी हा कागद कसा वाचतो ते बघण्यासारखं असतं. तो वरून खाली वाचतच नाही. आधी गट नंबर, आपलाच आहे ना. मग बोट सरळ उजवीकडे उतरतं ते 'इतर हक्क' या रकान्यावर. जमीन कोणाची हे डावीकडे लिहिलेलं असतं. ती विकता येईल का, हे उजवीकडे. सोसायटीचा बोजा, कुळकायद्याच्या कलम ४३ चं बंधन, वारसाची नोंद, बहिणीचं नाव, विहिरीतला हिस्सा, सगळी मेख तिथे. मग तो फेरफार क्रमांक बघतो, म्हणजे मागच्या वेळी पाहिला त्यानंतर काही बदललं का. आणि भोगवटा वर्ग १ की वर्ग २. झालं. अर्ध्या मिनिटात कागदाची घडी. माळशेजच्या रस्त्यावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी बघून मुंबईहून आलेला गृहस्थ तोवर 'एकूण क्षेत्र' या शब्दापाशी पोचलेला असतो आणि नदी किती लांब आहे ते विचारत असतो. शेतकऱ्याचा प्रश्न एकच: इतर हक्क पाहिलेत का?

खुणांचं शास्त्रही तिथे तयार आहे. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी झालं की तलाठी ते खरवडून काढत नसे; त्याला कंस करत असे. 'त्याच्या नावाला कंस झाला' हे वाक्य इथे एखाद्याच्या निधनाइतक्याच गांभीर्याने उच्चारतात, आणि बरेचदा तेच कारण असतं. म्हणजे कंसाचा अर्थ: हे होतं, आता धरू नका. २०२० साली सातबाऱ्याचं रूप बदललं तेव्हा कंसाऐवजी आडवी रेघ आली. गंमत अशी की शाळेत मूल नेमका उलटा कंस करतं; जे महत्त्वाचं ते कंसात. महसूल खात्याला शतकभरात जे कळलं ते आपल्याला वर्गात सुचलं नाही: कागदावर खूण करायची ती टाकायचं काय यासाठी. राहिलेलं आपोआप दिसतं.

या दोन वाचनांतला फरक एखाद्या उताऱ्यावर करून दाखवलेला बरा. परीक्षकाच्या थाटात एक रचू: 'मोह हा वनात राहणाऱ्या लोकांचा आधारवृक्ष आहे. त्याची फुले, फळे व बिया उपयोगी पडतात. बियांपासून तेल काढतात. फुलांपासून मद्य तयार होते म्हणून पुष्कळ लोक या वृक्षाला नावे ठेवतात. परंतु आहारतज्ज्ञांच्या मते ही फुले पौष्टिक असून वाळवून वर्षभर खाता येतात. काही ठिकाणी त्यांचे लाडूही करतात.' सारांशवाला मुलगा समासात लिहितो: 'मोह उपयोगी झाड, फुले फळे बिया, तेल, मद्य, पौष्टिक, लाडू.' हे सगळं उताऱ्यात होतंच. त्याने फक्त क्रियापदं काढून घेतली. आणि यातून नेमकं जे विचारणार ते उडालं. कारण प्रश्न येतो: 'फुले पौष्टिक आहेत असे कोणाचे मत आहे?' पर्याय: लेखकाचे, वनवासींचे, आहारतज्ज्ञांचे, पुष्कळ लोकांचे. दुसरा येतो: 'मोहाच्या फुलांचे लाडू कोठे करतात?' त्यात 'सर्वत्र' हा पर्याय हसतमुखाने उभा असतो. सातबाऱ्याच्या चालीने वाचणारी मुलगी पहिल्या तीन वाक्यांना हात लावत नाही. ती डावीकडचा रकाना. 'पुष्कळ लोक' याखाली एक रेघ, 'परंतु' भोवती एक गोल, 'आहारतज्ज्ञ' याखाली रेघ, 'काही' याखाली रेघ. शिसपेन चार वेळा टेकलं, शब्द एकही लिहिला नाही. भोगवटादार कोण, म्हणजे मत कोणाचं. फेरफार कुठे, म्हणजे 'पण', 'परंतु', 'तथापि', 'मात्र' कुठे. आणि बंधन काय, म्हणजे 'काही', 'बहुधा', 'फक्त', 'क्वचित' यातलं काय लागलंय. मराठी उताऱ्याचे इतर हक्क याच बारक्या शब्दांत नोंदलेले असतात आणि परीक्षक राहतो तो तिथेच.

यावर पहिला आक्षेप येणार तो वेळेचा. खुणा करत बसलं तर सोडवायचं कधी? आक्षेप निम्मा खरा आहे. पाचवीच्या पेपरातला आठ ओळींचा उतारा असेल तर खुणासुद्धा चैन आहे. वाचावा, प्रश्न बघावा, परत वर बघावं. उतारा कुठे पळून जात नाही, ही या परीक्षेतली एकमेव दयाळू गोष्ट. पण सी-सॅटच्या लांबलचक उताऱ्यात, जिथे एकच लेखक तीन परिच्छेदांत दोनदा मत बदलतो, तिथे खूण न करणाऱ्याचा वेळ परत शोधण्यात जातो. आणि खूण किती लहान असू शकते याचा पुरावा रोज डोळ्यांसमोर असतो. संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर शहापूरकडचा माणूस इंडिकेटरवर काय वाचतो? 'एन'. एन म्हणजे कसारा. 'एएन' म्हणजे आसनगाव. 'टीएल' दिसलं की मान खाली, ती टिटवाळ्यालाच संपणार. एका अक्षरात वासिंद, आटगाव, खर्डी, घाटाचं तोंड आणि घरचं जेवण एवढं सगळं मावतं. गर्दीत धक्के खात, खांद्यावर पिशवी घेऊन हे वाचता येतं. आणि त्याचंच मूल समासात 'पर्यावरणाचे रक्षण करणे गरजेचे आहे असे लेखक म्हणतो' असं लिहीत बसलेलं असतं! 'प.र.' पुरे होतं. आपल्यालाच वाचायचंय, तपासायला कोणी येत नाही.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा: आधी प्रश्न वाचले तर आकलन कसलं, ही तर चोरवाट झाली. सातबारा वाचणारा आधी प्रश्न ठरवूनच कागद हातात घेतो. कोणी विरंगुळा म्हणून सातबारा वाचल्याचं ऐकिवात नाही. परीक्षेतला उतारा हा त्याच जातीचा कागद आहे. त्याच्यावर प्रेम करायचं नसतं. तेव्हा आधी प्रश्न वाचावेत, हे माझं स्पष्ट मत. पर्याय मात्र वाचू नयेत. पर्याय म्हणजे जमिनीचे एजंट. चारातले तीन खोटं बोलतात, चौथा खरं बोलतो पण त्याचाही शर्ट तसाच पांढरा असतो. उतारा बघण्याआधी त्यांच्याशी बोललात की पुढे कागदात तुम्हाला तेच दिसायला लागतं जे त्यांनी सांगितलं. आठवीच्या शिष्यवृत्तीत तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत, म्हणजे दोघे एजंट मिळून आलेले.

तिसरी अडचण आक्षेपाहून मोठी, आणि ती या दोन तालुक्यांची खास. इथल्या मुलाला उताऱ्यापेक्षा जास्त माहिती असते. समजा, उताऱ्यात छापलंय की धरणामुळे परिसरातील गावांना मुबलक पाणी मिळते. खाली प्रश्न: 'धरणामुळे परिसरातील गावांना काय मिळते?' आता मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं ज्या भातसा धरणातून जातं ते शहापूर तालुक्यात. ज्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते तेही इथलंच. आणि दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं-पाडेही इथलेच. त्या पाड्यावरच्या मुलीने 'पाइपलाइन बघायला मिळते' असा पर्याय शोधला तर तिची अक्कल कमी पडली असं कोण म्हणेल? पण गुण जातो. इथेही बापाचाच उतारा कामाला येतो. सातबाऱ्यावर जे नाव आहे तो जमीन कसतोच असं नाही, हे सगळ्या गावाला माहीत असतं. तरी उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची, असं महसूल कायदा सांगतो. मुलीलाही तेच सांगावं: उतारा खरा नाही, तो साडेसात मिनिटं खरा धरायचाय. 'उताऱ्यानुसार' या शब्दाखाली रेघ मार, उत्तर लिही, आणि टँकर आला की हंडा घेऊन पळ.

चौथा आक्षेप असा की त्यावर विनोद करताना जीभ जड होते. घरी कातकरी, ठाकरी किंवा वारली बोलणाऱ्या मुलापुढे प्रमाण मराठीतला उतारा येतो, आणि त्यात 'कारंजे', 'नभोवाणी', 'सुशोभीकरण' असे शब्द. शब्दच कळला नाही तर खूण कशाखाली करायची? खुणांनी शब्दसंग्रह वाढत नाही, हे कबूलच करावं लागेल; त्याला वाचायला पुस्तकं, ऐकायला गोष्टी आणि घरच्या भाषेपासून शाळेच्या भाषेपर्यंत बोट धरून नेणारे गुरुजी लागतात. तरी थोडं सांगता येतं. 'पोटखराबा' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पोटदुखीवरचा वाटेल, 'आकार' म्हणजे त्याला गोल की चौकोनी असं वाटेल. शेतकऱ्याने या शब्दांची व्युत्पत्ती कधी शोधली नाही. ते कुठे बसतात आणि आपलं काय करतात एवढं पाहिलं. अनोळखी शब्दाला कंस करावा, तलाठ्याचा कंस, आणि पुढे जावं. पाचातल्या चार प्रश्नांना बहुधा त्याची गरज पडत नाही. शिवाय शब्द न कळण्याचा मक्ता काही पाड्यांवरच्या मुलांकडे नाही. २०१४ साली दिल्लीत यूपीएससीच्या सी-सॅटमधल्या हिंदी भाषांतराविरुद्ध उमेदवार रस्त्यावर आले, तेव्हा स्टील प्लांटचं झाड झाल्याचे किस्से देशभर फिरले. पदवीधरांनाही त्या झाडाला पाणी घालावं की नाही ते कळेना.

राहता राहिली सगळ्यात स्वस्त खूण, म्हणजे बोट. तिसरीपर्यंत मूल ओळीखाली बोट ठेवून वाचतं, मग कोणीतरी 'लहान आहेस का आता?' म्हणून ते सोडवतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या, आणि अंगठ्याच्या जागी सही आली. उशिरा वाचायला शिकणाऱ्या कोणालाही अक्षराखाली बोट ठेवायची लाज वाटत नाही, आणि त्यामुळे त्याची ओळ चुकत नाही. पाचवीच्या मुलाला बोट परत द्यावं. बोटाच्या जागी शिसपेन धरलं की खूण करायचं हत्यारही हातात आलं.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या आयाबापांना एक विनंती. येत्या रविवारी शिष्यवृत्तीचं पुस्तक बाजूला ठेवा, आपल्याच गटाचा सातबारा पोरापुढे टाका आणि पाच प्रश्न विचारा: जमीन कोणाची, कोणत्या वर्गाची, बोजा किती, शेवटचा फेरफार कधीचा, आणि आत्याचं नाव आहे का. शेवटच्या प्रश्नाला घरातल्या मोठ्यांनी मध्ये बोलू नये. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. पाच रंगांचा हायलायटर त्यापेक्षा महाग पडतो.